करपलेली काहील

पंचगंगेच्या काठच्या एका गावात एक गुळव्या होता. शमुवेल त्याचं नाव. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवून गूळ करतात, तो नेमका कधी झाला हे ओळखणारा कारागीर म्हणजे गुळव्या. त्या कामात शमुवेलचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. बोलण्यातही नव्हता, आणि सगळी भानगड तिथेच होती.

शमुवेल ख्रिस्ती होता. दर रविवारी धुतलेला सदरा घालायचा, सायकलवर टांग मारायचा आणि शहरातल्या चर्चमध्ये जाऊन यायचा. एका रविवारी तिथले पाळकसाहेब म्हणाले, "तुम्हाला जे मिळालंय ते एकट्यानं खाऊ नका. ज्यांच्याबरोबर रोज राबता, त्यांनाही त्याची चव कळू द्या." शमुवेलनं ते मनावर घेतलं. आता या माणसाचा स्वभाव असा, की त्यानं एखादी गोष्ट मनावर घेतली की समोरच्याची काही धडगत नसायची.

तो बळवंतअण्णांच्या गुऱ्हाळावर कामाला होता. अण्णा मालक. घाण्यावर ज्योतिराम, तो इंजिन चालवायचा आणि ऊस पिळायचा. कोंडाबाई पिळलेल्या उसाची चिपाडं उन्हात पसरून वाळवायची. म्हाळू ती वाळकी चिपाडं चुलवाणात घालून जाळ करायचा. चुलवाण म्हणजे काहिलीखालची, रस आटवायच्या पसरट कढईखालची, भलीमोठी चूल. तिचं तोंड एका खड्ड्यात होतं आणि म्हाळू दिवसभर त्या खड्ड्यात बसलेला असायचा. वरच्या काहिलीत काय चाललंय ते त्याला दिसायचं नाही. शमुवेल वरून हाळी द्यायचा, "जाळ घाल!" की म्हाळू घालायचा. "जाळ ओढ!" की तो ओढायचा. म्हाळूचे डोळे म्हणजे शमुवेलचा आवाज, असंच म्हणा ना.

गुऱ्हाळावर एक जुना रिवाज होता. काहिलीपाशी शब्द गुळव्याचा. तो "उतरवा" म्हणेल तेव्हाच काहील उतरायची. त्याआधी तिला कुणी हात लावायचा नाही, आणि गुळव्या काहिलीपाशी बोलत असला तर मध्ये तोंड घालायचं नाही. मालक झाला तरी नाही. पाकाचा भरवसा नसतो. चार जणांनी चार सूचना केल्या की गुळाची वाट लागते, म्हणून जुन्या लोकांनी हा रिवाज घातला होता.

तर शमुवेल आपल्या सोबत्यांना येशूचं सांगायला लागला. जेवणाची सुट्टी झाली, लोकांनी भाकरी सोडली, की हा उभाच. "गड्यांनो, मनुष्यमात्र पापात बुडालेला आहे!" अहो, उन्हातान्हात ऊस ओढून आलेला माणूस. तोंडात घास घातलाय. त्याला तू म्हणतोस की तू पापात बुडालायस! लोक मान खाली घालून भाकरी संपवायचे आणि हात धुवायला जरा लांबच्या नळावर जायचे.

ज्योतिरामची तऱ्हा निराळी. तो जोतिबाचा भक्त, कपाळावर गुलाल, आणि स्वभावानं मिश्कील. शमुवेलनं तोंड उघडलं की तो गंभीर चेहऱ्यानं उठायचा आणि घाण्याचं इंजिन सुरू करायचा. फट फट फट फट. मग शमुवेलचे नुसते ओठ हललेले दिसायचे.

शमुवेलनं हार मानली नाही. त्यानं गाणी म्हणून पाहिली. गुऱ्हाळाच्या मेढीला येशूच्या चित्राचं कॅलेंडर टांगून पाहिलं. लोकांनी कॅलेंडरवर बाजाराचा वार तेवढा बघितला. एकदा तो ज्योतिरामला कोपऱ्यात गाठून बराच वेळ बोलला. ज्योतिरामनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "शमूदादा, तंबाखू हाय का?"

रात्री घरी गेल्यावर शमुवेल बायकोला म्हणायचा, "मला एक कोडं सुटत नाही बघ. मी सांगतोय ते चांगलंच आहे. खोटं तर नाही ना? मग यांना ऐकावंसं का वाटत नाही?"

बायको म्हणायची, "तुम्ही कधी त्यांचं ऐकता का?"

त्यावर शमुवेल म्हणायचा, "त्यांचं काय ऐकायचं? ते काय नवीन सांगणार आहेत?" आणि कूस बदलून झोपायचा. कोडं तसंच राहायचं.

मग एक दिवस असा उजाडला की सगळंच फिरलं.

थंडीचे दिवस होते. ऊन नुकतंच वर आलं होतं. काहिलीतल्या रसावरची मळी काढून झाली होती, रस उकळून दाटायला लागला होता. हातात झारा घेऊन शमुवेल काहिलीपाशी उभा होता. कोंडाबाई चिपाडाचा भारा टाकायला आली आणि चुलवाणाच्या धगीला हात शेकत उभी राहिली. तिची जीभ जरा तिखटच होती. ती म्हणाली, "शमूदादा, एक इचारू? तुमच्या येशूबरोबर ते चेले हुते म्हणता. ते समदे एकदम साधुसंतच हुते काय वो? आमच्यासारखं कुणीच न्हवतं त्येंच्यात?"

शमुवेल सहज बोलून गेला, "छे गं. एक तर चांगला भित्रा होता."

"भित्रा?" कोंडाबाईनं भारा खाली ठेवला.

"अगं, मासे धरणारा गडी. अंगानं आडदांड. बाता तर अशा मारायचा, की सगळे पळून गेले तरी मी तुला सोडणार नाही. आणि वेळ आली तेव्हा सरळ म्हणाला, मी याला ओळखत नाही."

"आता गं बया! आन् ह्ये तुमच्याच लोकांनी लिवून ठेवलंय?"

"आमच्याच लोकांनी."

कोंडाबाईनं पदर खोचला. ज्योतिराम घाण्यापासून ओरडला, "काय म्हणला? कोण कुणाला वळखत न्हाई?" आणि बघा, त्यानं इंजिन बंद केलं. ऐकू यावं म्हणून बंद केलं. असं आजवर कधी घडलं नव्हतं. एरवी कधी तोंड वर न करणारा म्हाळूसुद्धा खड्ड्यातून ओरडला, "दादा, जरा मोठ्यानं सांगा, मला खाली ऐकू येईना."

शमुवेलचा आनंद काय सांगावा! इतके दिवस जे कान मिळत नव्हते, ते आज आपणहून टवकारले होते. त्यानं काहिलीकडे पाठ केली आणि सांगायला सुरुवात केली.

"येशूला धरून नेलं होतं. आत चौकशी चाललेली. बाहेर चौकात लोकांनी जाळ केला होता, थंडी होती ना. आणि हा मासे धरणारा मागनं हळूच येऊन त्या जाळाशी उकिडवा बसला. तोंड लपवून. एवढ्यात तिथं कामाला असलेली एक पोरगी आली. तिनं त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. म्हणाली, तू त्याच्याबरोबरचाच ना?"

"मग?" कोंडाबाई.

"हा म्हणाला, बाई, कोण तो? मी ओळखतसुद्धा नाही!"

"आगागा," ज्योतिराम म्हणाला. तो घाणा सोडून जवळ येऊन बसला होता.

शमुवेलला चेव चढला. त्यानं त्या पोरीचा आवाज काढला, त्या गड्याची पाचावर धारण कशी बसली ते करून दाखवलं, झारा काठीसारखा धरून पहारेकरी झाला. लोक हसले, मग हसायचे थांबले. "जाळाशी बसलेला दुसरा एक जण म्हणाला, अरे, याच्या बोलण्यावरनं कळतंय, हा त्याच्यातलाच. तर हा शपथा घ्यायला लागला! आईशप्पथ, देवाशप्पथ, मी त्या माणसाला..."

इतक्यात वास आला.

ज्यानं गुऱ्हाळावर काम केलंय त्याला तो वास सांगावा लागत नाही. शमुवेल गर्रकन वळला. काहिलीतला पाक काळपट झाला होता आणि कडेनं धूर निघत होता. पाण्यात टाकून पाकाची गोळी होते का ते बघायची वेळ कधीच टळून गेली होती. "जाळ ओढ! उतरवा, उतरवा!" तो किंचाळला. सगळे धावले, काहील उचलली, पाक वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या सपाट हौदात, ओतला. पण झालं ते झालं होतं. अख्खी काहील करपली होती.

आता तुम्ही म्हणाल, इतकी माणसं तिथं बसली होती, कुणालाच दिसलं नाही का? कोंडाबाईला दिसलं होतं. पाकाचा रंग फिरताना तिनं पाहिला होता. पण गुळव्या काहिलीपाशी उभा राहून बोलतोय, मध्ये तोंड कसं घालायचं? आणि गोष्टही अशा जागी आली होती की तिला स्वतःलाच ती थांबायला नको होती.

वास बळवंतअण्णांच्या घरापर्यंत गेला. अण्णा अनवाणीच धावत आले. वाफ्याकडे बघून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी करपलेला एक खडा जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी गुळव्यालाच विचारलं.

"शमू, काय झालं रं?"

सगळे शमुवेलकडे बघायला लागले. 

शमुवेलच्या मनात त्या एका क्षणात केवढा बाजार भरला! खरं सांगावं, तर अण्णा म्हणणार, याच्या येशूपायी माझी काहील गेली. मग गुऱ्हाळावर ते नाव काढायची सोय राहणार नाही. आज कुठे लोक ऐकायला लागले होते. आपलं नाव खराब झालं तर झालं, पण प्रभूचं नाव खराब व्हायला नको. त्याच्या नावासाठी तरी गप्प बसलं पाहिजे. किती सोयीचा विचार होता बघा! स्वतःची कातडी वाचवायची आणि वर ती देवासाठी वाचवतोय असं म्हणायचं.

"जाळ जास्त झाला अण्णा," शमुवेल म्हणाला.

अण्णा खड्ड्याशी गेले. "म्हाळू, वर ये. झोप लागली हुती काय रं? उचल तुझं बिऱ्हाड. संध्याकाळनंतर दिसायचं न्हाई मला इथं."

म्हाळू राखेनं माखलेला वर आला. त्यानं शमुवेलकडे पाहिलं, पण बोलला काही नाही. गुळव्यानं सांगितलं म्हणजे तसंच असणार, अशी त्याची समजूत. तो दूरच्या दुष्काळी माळावरून बायकापोरांना घेऊन हंगामाला आला होता. गुऱ्हाळामागे उसाच्या पाल्याची खोप घालून ते राहत होते. जाळ राखता येत नाही अशी एकदा बोंब झाली, की नदीकाठच्या कुठल्याच गुऱ्हाळावर त्याला कुणी उभं करणार नव्हतं. हे शमुवेलला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी नवीन रस काहिलीत पडला. ज्योतिरामनं इंजिन सुरू केलं ते शमुवेलकडे न बघताच. कोंडाबाईनं भारा आणून आपटला आणि चालती झाली. तिनं जाताना नुसतं एवढंच विचारलं, "काय दादा, जाळ जास्त झाला म्हणं?" शमुवेलनं मळी काढायचं निमित्त करून मान वळवली. "हं," म्हणाला.

त्याला भाकरी गेली नाही. तो गुऱ्हाळामागे जाऊन सावलीत बसला. तर समोरच म्हाळूची खोप. बायको भांडी पोत्यात भरत होती. म्हाळू वाकळ गुंडाळत होता. शमुवेलला बघून तो लगबगीनं आला आणि पुढ्यात उकिडवा बसला.

"दादा, खरं सांगा. माझा जाळ लईच जास्त झाला हुता का? मी तर तुमच्या हाळीवरच घालत हुतो. तुमी 'ओढ' म्हणला आन् मला ऐकू आलं न्हाई, असं झालं का काय?"

शमुवेलला वाटलं, जमीन दुभंगावी. हा माणूस आपल्याच कानांवर संशय घेत होता. "असंल रं," तो कसाबसा म्हणाला. "होतं असं कधीमधी."

म्हाळूनं मान डोलावली. "चुकलं म्हणायचं माझंच." मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "जाताजाता एक काम करा दादा. ती गोष्ट तेवढी पुरी करा. मी खड्ड्यात हुतो, निम्मी ऐकली. आता वाटंनं जाताना जिवाला चुटपुट लागंल. त्या मासे धरणाऱ्याचं पुढं काय झालं?"

शमुवेलनं ती गोष्ट आजवर कितीदा सांगितली होती! पण आता त्यानं ती मान खाली घालून सांगितली. "त्यानं शपथ घेतली, की मी त्याला ओळखत नाही. तेवढ्यात कोंबडा आरवला. येशूनं त्याला आधीच सांगितलं होतं, कोंबडा आरवायच्या आत तू मला नाकारशील. ते त्याला आठवलं. मग तो बाहेर गेला आणि धाय मोकलून रडला."

इथं आलं की चर्चमधली माणसं सुस्कारा सोडायची. पाळकसाहेब डोळे मिटायचे. म्हाळूनं सुस्कारा सोडला नाही. तो पुढं ऐकायला तसाच बसून राहिला.

"रडला. बरं, मग? परत आत गेला का?"

"आत? कशाला?"

"न्हवं, त्या पोरीला सांगायला. जाळाशी बसल्यात त्येंना सांगायला, की मी मघाशी खोटं बोललो म्हणून."

 इतकी वर्षं ही गोष्ट शमुवेलच्या तोंडात होती. पण तो गडी बाहेर रडत असताना आत जाळाशी बसलेली माणसं काय समजून बसली होती, हा विचार त्याला कधी शिवला नव्हता. "ते लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "पुढं तो माणसांसमोर उभा राहून येशूचं उघड सांगायला लागला, एवढं खरं. पण त्या रात्री आत गेला का, ते मला ठाऊक नाही."

"मग त्या पोरीला कळलंच न्हाई की वो," म्हाळू म्हणाला. "भाईर जाऊन कितीबी रडला, आतल्यांना काय कळणार? त्या जाळापाशी तर खोटंच ऱ्हायलं."

शमुवेलनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. हा टोमणा मारतोय का? कळलंय का याला? पण म्हाळूच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. त्याला खरोखरच ती गोष्ट पुढं जाणून घ्यायची होती. बायकोनं हाक मारली तसा तो उठला, शमुवेलच्या पायाला हात लावून म्हणाला, "येतो दादा, काही चुकलंमाकलं माफ करा," आणि वाकळ खांद्यावर टाकून चालू लागला.

शमुवेल तिथंच बसून राहिला असता तर ही गोष्ट सांगायची काही गरजच नव्हती. तो उठला.  "म्हाळू, थांब," म्हणाला, आणि त्याचा हात धरून त्याला ओढतच काहिलीपाशी घेऊन गेला. तिथं अण्णा उभे होते. ज्योतिराम होता, कोंडाबाई होती. शमुवेलनं ज्योतिरामला हात केला. इंजिन बंद झालं.

"अण्णा," तो म्हणाला, "सकाळी मी खोटं बोललो. जाळ बरोबर होता. म्हाळू माझ्या हाळीवर जाळ घालत होता आणि हाळी द्यायला मीच विसरलो. काहिलीकडं पाठ करून गोष्ट सांगत उभा होतो."

अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कसली गोष्ट?"

याच प्रश्नाला तर तो सकाळपासून भीत होता. "येशूची," तो म्हणाला.

"म्हंजे तुझ्या येशूपायी माझी काहील करपली म्हण की!"

अगदी हेच शब्द त्याच्या मनानं सकाळी ऐकले होते. आता ते खरोखरचे कानावर आले, आणि गंमत अशी, की त्याला वाटलं होतं तेवढे ते टोचले नाहीत.

"नाही अण्णा. काहील करपली ती माझ्या तोंडापायी. आता तुमच्यापुढं येऊन खरं सांगतोय, ते त्याच्यापायी."

 म्हाळू तोंडाचा आ करून उभा होता. मग कोंडाबाई म्हणाली, "आमाला ठावं हुतं, अण्णा."

अण्णा तिच्यावर खेकसले, "ठावं हुतं तर सकाळी दातखीळ बसली हुती काय समद्यांची?"

"गुळव्याच्या पुढं कोण बोलणार? रिवाज हाय न्हवं?" मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "आन् बघत हुतो आमी, दादा काय करत्यात ते."

शमुवेलला आता उमगलं. सकाळपासून या माणसांना सगळं माहीत होतं. तो जेव्हा देवाचं नाव राखायला म्हणून गप्प बसला होता, तेव्हा ही सगळी त्याच्याकडेच बघत होती.

अण्णांनी म्हाळूच्या खांद्यावरची वाकळ काढून घेतली आणि खोपीकडे बोट केलं. "जा, ठेव परत." म्हाळू गेला तो जवळजवळ पळतच. मग अण्णांनी शमुवेलच्या हातातला झारा घेतला. "हंगाम संपेपतूर काहिलीपाशी मी बघीन. मला बी थोडंफार कळतं गुळातलं. तू खड्ड्यात म्हाळूच्या हाताखाली बस. लई बोलावं वाटलं तर जाळाशी बोल."

गुळव्याला खड्ड्यात बसवलं ही बातमी नदीच्या दोन्ही काठांवर पसरायला वेळ लागला नाही. शमुवेलला लाज वाटायची. पण रात्री भाकरी गोड लागायची, एवढं मात्र खरं. तो म्हाळूकडून जाळ घालायला शिकला. चिपाड कसं सोडायचं, आच एकसारखी कशी ठेवायची, हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. म्हाळू त्याला आपल्या माळाबद्दल सांगायचा, मेंढरांबद्दल सांगायचा, आपल्या देवाच्या जत्रेबद्दल सांगायचा. शमुवेल ऐकायचा. मध्येच विचारायचाही, "मग पुढं?" येशूचं नाव मात्र त्यानं काढलं नाही. आता कुठल्या तोंडानं सांगणार, असं त्याला वाटायचं.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी घाण्याला ऊस यायला उशीर होता. ज्योतिराम हात पुसत खड्ड्याच्या काठावर आला, इकडे तिकडे बघितलं आणि खाली उतरून शमुवेलशेजारी बसला.  तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही.

"शमूदादा, एक गोष्ट माझ्या डोस्क्यातनं जाईना. त्या दिवशी आमी समदे गप्प हुतो. म्हाळू तर निघालाच हुता. तुमी बोलला नसता तर कुणी म्हणून काय बोललं नसतं. झारा हातात ऱ्हायला असता, मान ऱ्हायला असता. मग बोलला कशाला?"

शमुवेलच्या जिभेवर जुनी मोठमोठी वाक्यं येऊन उभी राहिली. मनुष्यमात्र, पाप, पश्चात्ताप. त्यानं ती गिळली. खूप विचार करून तो एवढंच म्हणाला, "रोज प्रार्थनेला बसतो रे मी. त्या दिवशी तसाच बसलो असतो, तर त्याला तोंड कसं दाखवलं असतं?"

"कुणाला? तुमच्या येशूला?"

"हो."

"आन् त्यो रागावला असता?"

"नाही," शमुवेल म्हणाला. "त्यानं म्हाळूकडं बोट दाखवलं असतं."

  ज्योतिरामनं मांडी घातली आणि म्हणाला, "ह्यो येशू हाय तरी कोण नेमका? पयल्यापासनं सांगा एकदा. मी इंजिनाला हात लावत न्हाई."

शमुवेलचं तोंड उघडलं.  इतके दिवस याच प्रश्नासाठी तर त्याचा जीव तरसत होता! तेवढ्यात वरून अण्णांची हाळी आली, "जाळ घाल!"

शमुवेलनं चिपाडाची पेंडी उचलली. "बस जरा, ज्योतिराम," तो म्हणाला. "आधी काहील उतरू दे. मग सांगतो."

"बसतो की," ज्योतिराम म्हणाला, आणि दुसरी पेंडी उचलून त्यानं शमुवेलच्या हातात दिली.

तात्पर्य: बरोबर राबणाऱ्यांना आपल्या देवाची ओळख करून द्यायची असेल, तर त्यांच्यासमोर केलेली चूक त्यांच्यासमोरच कबूल करावी, देवाचं नाव आपल्या गप्प बसण्यानं राखलं जात नाही, खरं बोलण्यानं राखलं जातं, आणि तसं वागणाऱ्याला त्याच्या देवाविषयी लोक आपणहून विचारतात.